टॅब, बाहेरचा कीबोर्ड आणि मराठी लिखाण: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त शिक्षक, पीएच.डी. करणारी मुलं, संस्थेचा वार्षिक अहवाल गळ्यात पडलेले सचिव, तालुक्यातून बातम्या पाठवणारे वार्ताहर. 'टॅबला कीबोर्ड लावून मराठी लिहायचंय, ॲप कुठलं घेऊ?' असं विचारणारी मंडळी साधारण हीच. म्हणून उत्तरंही त्यांच्याच कामांना धरून दिली आहेत.

फार खोलात न जाता सांगा, कुठलं ॲप घेऊ?

अँड्रॉइड टॅब असेल आणि पत्रं, लेख, अहवाल एवढंच काम असेल तर गूगल डॉक्स. ज्यांना फाइल पाठवायची ते सगळे वर्डवाले असतील आणि फाइल चार वेळा इकडून तिकडे फिरणार असेल तर मायक्रोसॉफ्ट वर्ड. आयपॅडवर फक्त स्वतःपुरतं लिहायचं असेल तर ॲपलचं पेजेस. ते फुकट आहे आणि त्यातून वर्ड, पीडीएफ, ईपब अशा फाइली काढता येतात. खातं उघडायचंच नसेल किंवा घरच्या संगणकावर लिबरऑफिस (वर्डसारखंच, पण फुकट मिळणारं) असेल तर कोलाबोरा ऑफिस. ते लिबरऑफिसच्याच पायावर उभं आहे, त्यामुळे त्याच्या ओडीटी प्रकारच्या फाइली निमूट उघडतात.

पण ॲप ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट पुढच्या प्रश्नात आहे, आणि लोक नेमकी तीच टॅब घरी आणल्यावर बघतात.

पहिली गोष्ट कुठली?

बाहेरच्या कीबोर्डवरून मराठी उमटतं का, ही. पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी छान चालत असतं. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहिलं की देवनागरी होऊन येतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. मग ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो आणि कळ दाबली की इंग्रजीच उमटतं. यात गूगल डॉक्सचाही दोष नसतो, वर्डचाही नाही. बाहेरच्या कीबोर्डची मांडणी, म्हणजे कुठल्या कळेवर कुठलं अक्षर, हे टॅबची सिस्टिम ठरवते, ॲपच्या हातात ते नसतंच.

विंडोजवाल्या टॅबमध्ये हे सगळ्यात सोपं. मराठी इनस्क्रिप्ट (प्रत्येक कळेवर ठरलेलं देवनागरी अक्षर असलेली मांडणी) आधीपासून असतोच, आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी होतं तो) आला आहे. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडायची आणि विंडोज कळ व स्पेस मिळून दाबायचं, की इंग्रजीची मराठी होते. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडा, मग कंट्रोल आणि स्पेसने भाषा बदलते. 'हार्डवेअर कीबोर्ड' हा पर्याय मात्र कीबोर्ड जोडलेला असतानाच दिसतो. आधी शोधत बसू नका.

अँड्रॉइडचं मात्र कंपनीगणिक आणि आवृत्तीगणिक वेगळं. कीबोर्ड जोडल्यावर सेटिंग्जमध्ये 'फिजिकल कीबोर्ड' असा भाग उघडतो. तिथे मराठीची मांडणी निवडता आली तर सुटलात. नाही आली तर प्ले स्टोअरवर बाहेरच्या कीबोर्डला साथ देणारं मराठी कीबोर्ड ॲप शोधायचं, आणि त्यातली सगळीच धड चालत नाहीत. शिवाय कीबोर्ड ॲपला तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर दिसतं. ज्याचा कर्ता कोण हे कळत नाही असलं ॲप घेऊन त्यात बँकेचा पासवर्ड टाइप करू नका.

दुकानात हे तपासायचं कसं?

नवी पेठेतलं दुकान असो नाहीतर मॉलमधलं, 'कीबोर्ड जोडून दाखवा' असं म्हणायला लाजू नका. घरी ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर तोच पिशवीत घालून न्या. टॅबवर एखादं लिहायचं ॲप उघडा आणि हे शब्द टाइप करून बघा: दुसऱ्या, वऱ्हाड, ॲप, कॅमेरा, ज्ञानेश्वर, क्षेत्र, सिद्धेश्वर, गड्ड्याची जत्रा.

यातले 'दुसऱ्या' आणि 'वऱ्हाड' हे खरे परीक्षक. हिंदीसाठी बेतलेल्या कीबोर्डावर 'ज्ञ' आणि 'क्ष' आरामात येतात. 'ऱ्य' मागितला की तो 'र्य' देतो आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन बसतं. 'गड्ड्या'मध्ये तीन व्यंजनं एकावर एक चढतात. तिथे फॉन्टची ताकद कळते. चांगला फॉन्ट 'ड्ड्य' सुटसुटीत मांडतो, कच्चा फॉन्ट पाय मोडलेले ड एकापुढे एक उभे करतो.

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. विक्रेता कंटाळला तरी चालेल, पैसे तुमचे जाणार आहेत.

इनस्क्रिप्ट शिकावा का? फोनेटिकवर काम भागतंय की!

भागत असेल तर भागू द्या. महिन्याला दोन पत्रं लिहिणाऱ्याने नवी मांडणी शिकण्याचा खटाटोप करण्यात काही अर्थ नाही. रोज दोन-चार पानं लिहिणार असाल तर मात्र शिकाच. कारणं दोन.

एक म्हणजे यात अंदाज नसतो. फोनेटिकमध्ये तुम्ही इंग्रजी अक्षरं देता आणि यंत्र मराठी शब्द सुचवतं. 'पाणी' की 'पानी' हे ते ठरवतं. इनस्क्रिप्टमध्ये जी कळ दाबाल तेच अक्षर. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'क'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ख', 'त'ची दाबली की 'थ'. पाय मोडायला डी. 'सोलापूर' लिहायला एम, ए, एन, ई, एच, टी, जे एवढ्या सात कळा, एकदाही शिफ्ट नाही. आणि तो छळणारा 'ऱ्य'? शिफ्टसह जे, मग डी, मग खालच्या ओळीतली तिरक्या रेघेची कळ. संपलं.

दुसरं कारण खास आपल्या गावाचं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, आणि बाहेरचा कारभार सगळा मराठीत. इनस्क्रिप्ट भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर बेतलेला आहे. मराठीत ज्या कळेवर 'क' आहे त्याच कळेवर तेलुगूचा आणि कन्नडचाही 'क'. तेलुगू-कन्नडमधल्या ऱ्हस्व ए-ओसाठी एक-दोन कळा जास्तीच्या शिकायच्या, बाकी बोटं तीच. पद्मशाली समाजाच्या कार्यक्रमाची पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू छापायची असेल तर फक्त भाषा बदलायची. 

कळांवर देवनागरी अक्षरं नसतात म्हणून अडू नका. त्यावर लावायचे स्टिकर मिळतात, आणि थोड्या दिवसांत तेही बघावे लागत नाहीत.

मी मराठी टायपिंगची परीक्षा रेमिंग्टनवर दिली आहे. माझं काय?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची मराठी परीक्षा दिलेले पुष्कळ जण हे विचारतात. बोटांना बसलेली मांडणी सोडवत नाही, हे मान्य. तुम्हाला विंडोजचा टॅब सोयीचा, कारण त्यावर रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) साधनं घालता येतात. अँड्रॉइड आणि आयपॅडवर ती सहसा मिळत नाही. तुमचा वेग चांगला असेल तर टॅबच्या सिस्टिमचा निर्णय इथेच झाला असं समजा.

गूगल डॉक्स आणि वर्ड यांत खरा फरक कुठे पडतो?

पडद्याच्या इंचात. ऐकायला विचित्र वाटेल, पण वर्डचं मोबाइल ॲप १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्यावरच फुकट संपादन करू देतं. पडदा त्याहून मोठा असला की फाइल नुसती वाचायची. लिहायचं तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरायची. आता दुकानात मिळणारे बरेच टॅब साडेदहा-अकरा इंचांचे असतात, म्हणजे नेमके या रेघेच्या पलीकडचे. खोक्यावर पडद्याचं माप छापलेलं असतं, ते वाचून घ्या. रेघेच्या अलीकडे असलात तरी मोफत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं लागतं, आणि पानाचे स्तंभ, विभागवार वेगळी पानरचना अशा काही सोयी वर्गणीवाल्यांसाठीच राखलेल्या आहेत. ब्राउझरमध्ये उघडणारं वर्ड फुकट आहे, पण त्याला नेट लागतं.

डॉक्सला इंचांचं बंधन नाही. लिहाल तसं आपोआप सेव्ह होतं, आणि गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा मिळते. ती जीमेल आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ त्यात भरलेले असतील तर डॉक्सच्या फाइलींनाही फटका बसतो. मायक्रोसॉफ्टकडे फुकटची जागा ५ जीबी. दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम करायचं असेल, समजा अध्यक्ष जुळे सोलापुरात बसून सुचवतात आणि सचिव मुरारजी पेठेत बसून बदलतात, तर डॉक्सइतकं सुरळीत दुसरं काही नाही.

वर्ड कुठे सरस? आलेली वर्डची फाइल जशीच्या तशी दिसण्यात. कोष्टकं, शीर्षक-तळटीप, पानांचे आकडे असलेली फाइल डॉक्समध्ये उघडून परत वर्डमध्ये काढली की कुठेतरी एखादी ओळ सरकतेच. सरकारी नमुन्यात माहिती भरून परत पाठवायची असेल तर मी वर्डच वापरीन.

डॉक्समध्ये एक लहानशी गोष्ट करून ठेवा. मेनूतून 'प्रिंट लेआउट' चालू करा. नाहीतर मजकूर पानांशिवाय सलग दिसतो आणि किती पानं झाली याचा पत्ता लागत नाही.

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून लिहितो. रेंज येते-जाते. चालेल?

चालेल. पण निघण्याआधी घरी तयारी करावी लागते. डॉक्समध्ये हवी ती फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवा. वर्डमध्ये फाइल टॅबच्या पोटातच सेव्ह करा, क्लाउडवर नको. कोलाबोरा मुळातच टॅबवरच्या फाइलींवर चालतं. गाडीत एक काळजी घ्या: तीच फाइल घरी दुसऱ्या यंत्रावर कुणी उघडून बदलत नाही ना ते बघा. नाहीतर पुण्यात उतरल्यावर दोन आवृत्त्या होतात आणि कुठली खरी ते शोधण्यात दिवस जातो.

डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ॲप बदलू का?

ॲप बदलून काही होणार नाही. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीची आहे. श्रीलिपी, आयएसएम या सॉफ्टवेअरांच्या किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला तर मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या स्मरणिका आणि पत्रिकांच्या कितीतरी फाइली अशाच पडून आहेत.

उपाय म्हणजे संगणकावर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या आणि मगच टॅबवर आणायच्या. बदलणारी साधनं फॉन्टनुसार वेगवेगळी असतात, म्हणून मूळ फॉन्टचं नाव आधी विचारून घ्या. बदलल्यावर तीन ठिकाणं डोळ्यांत तेल घालून तपासा: रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्य'. चुका हटकून इथेच सापडतात. उलट दिशेला, तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर श्रीलिपीत नेणं हे डीटीपीवाल्याचं रोजचं काम आहे. त्यासाठी तुम्ही जुना फॉन्ट शिकायची गरज नाही.

फॉन्ट कुठला वापरू?

नोटो सान्स देवनागरी किंवा 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट. छापील पुस्तकासारखं हवं असेल तर नोटो सेरिफ देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी. शेवटचा मराठीसाठीच बेतलेला आहे, त्यामुळे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. तेलुगू-कन्नड मजकूर सोबत असेल तर नोटोच घ्या. त्या घराण्यात तिन्ही लिप्या आहेत आणि शेजारी शेजारी बेमेळ दिसत नाहीत.

प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथे मजकूर बदललेला दिसतो.

मजकूर बदलत नाही, फॉन्ट बदलतो. तुमच्या टॅबवरचा फॉन्ट दुकानातल्या संगणकावर नसतो, तो दुसराच लावतो, ओळी लांबतात आणि पाच पानांची सहा होतात. म्हणून वर्डची फाइल द्यायचीच नाही. पीडीएफ करून द्या, त्यात फॉन्ट आतच बसलेला असतो. डॉक्स, वर्ड, पेजेस, कोलाबोरा या चौघांतूनही पीडीएफ निघते. कोर्टाच्या कामाला लांब कागद लागणार असेल तर पीडीएफ करण्याआधी पानाचं माप लीगल करा, नंतर करून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पानाचा फोटो काढून पाठवलेला प्रिंट कसा येतो ते सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. आणि काम झालं की दुकानातल्या संगणकावरून फाइल आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्या, विशेषतः आधार क्रमांक असेल तर.

अख्खा प्रबंध किंवा पुस्तक टॅबवर होईल?

लिहून होईल. बांधणी होणार नाही, निदान सुखाने होणार नाही.

पहिला खर्डा लिहायला टॅब आणि कीबोर्ड ही उत्तम जोडी आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयात एका कोपऱ्यात बसून टिपणं काढायची, घरी येऊन त्यांचा मजकूर करायचा, हे त्यावर मजेत होतं. एका फाइलीत तीनशे पानं कोंबू नका. प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवा. मोठ्या फाइलीत देवनागरी टाइप करताना मध्यम दर्जाचे टॅब अडखळायला लागतात, बोट पुढे आणि अक्षर मागे.

अनुक्रमणिका, तळटीपा, संदर्भसूची, प्रत्येक प्रकरणाचे वेगळे शीर्षलेख हे मात्र शेवटी संगणकावर करा. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात प्रबंध द्यायचा असेल तर समास आणि अक्षराचा आकार किती ते मार्गदर्शकांना आधीच विचारा. प्रकरणं लिहितानाच मथळ्यांना 'शीर्षक १', 'शीर्षक २' अशा शैली लावत गेलात तर संगणकावर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नुसतं ठळक करून मोठं केलेलं अक्षर यंत्राला मथळा वाटत नाही.

संपादन करताना एक गंमत दिसेल. 'दुसऱ्या' हा शब्द शोधायला घातला तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही. कारण 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. दोन वेगळ्या कीबोर्डांवरून लिहिलेली प्रकरणं एकत्र केली की हे हमखास होतं. म्हणून सबंध प्रबंध एकाच मांडणीवर लिहावा.

नुसता मजकूर लिहायचा आहे. त्याला एवढं मोठं ॲप कशाला?

नकोच. अँड्रॉइडवर मार्कर (Markor) हे फुकट, मुक्तस्रोत ॲप आहे, जाहिराती नाहीत. आयपॅड असेल आणि पडद्यावर मजकुराशिवाय काहीच नको असेल तर आयए रायटर. साध्या मजकुराची फाइल कुठेही उघडते, हलकी असते, आणि फॉन्ट-रंगांशी खेळण्यात वेळ जात नाही. कवी आणि कथाकार मंडळींना मी हेच सुचवतो. कादंबरीवाले स्क्रिव्हनरचं विचारतात. ते आयपॅडसाठी आहे, अँड्रॉइडसाठी नाही.

ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा की वायरचा?

प्रवासाला ब्लूटूथ, टेबलाला वायर. डीटीपीच्या दुकानातला खडखड वाजणारा यूएसबी कीबोर्ड टॅबलाही चालतो, मध्ये एक ओटीजी जोडणी (टॅबच्या भोकात यूएसबी बसवणारा तुकडा) लागते. तो वीज टॅबकडूनच घेतो, आणि टॅबला एकच भोक असेल तर लिहिताना चार्जिंग बंद. दोन्ही हवं तर एका भोकाची अनेक करणारा हब घ्या.

टॅबच्या कव्हरमधले चिंचोळे कीबोर्ड दिसायला देखणे, पण इनस्क्रिप्टवाल्यांनी सगळ्यात वरची आकड्यांची ओळ आणि उजवीकडच्या कंसांच्या कळा तपासून घ्याव्यात. लहान कीबोर्डावर त्याच कळांना कात्री लागते आणि आपल्याला तिथली अक्षरं लागतात. यंत्रमागाच्या शेडशेजारी राहणाऱ्यांसाठी एक सूचना: चादर-टॉवेलच्या सुताचे तंतू कळांखाली जाऊन बसतात. वरून झाकता येईल असाच कीबोर्ड घ्या आणि अधूनमधून तो उलटा करून झाडा.

कीबोर्डवरच्या कुठल्या युक्त्या मराठी लिहिताना खरंच लागतात?

कॉपी-पेस्टच्या नेहमीच्या युक्त्या टॅबवरही तशाच चालतात, आयपॅडवर फक्त कंट्रोलच्या जागी कमांड कळ. कंट्रोल (आयपॅडवर ऑप्शन) आणि बाण दाबला की कर्सर एकेक शब्द सरकतो, त्यात शिफ्ट मिळवलं की शब्द निवडला जातो. आयपॅडवर कमांड कळ दाबून धरली की त्या ॲपच्या सगळ्या युक्त्या पडद्यावर येतात. बॅकस्पेसचं वागणं मात्र समजून घ्या. 'क्षि'नंतर बॅकस्पेस दाबला तर बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाते, मग 'ष', मग मोडलेला पाय, मग 'क'. डिलीटने उलट पूर्ण जोडाक्षर एका झटक्यात जातं. हे कळलं की वेलांटी चुकली म्हणून अख्खा शब्द पुसायची सवय सुटते.

बोलून लिहिता येतं ना आता? मग कीबोर्ड कशाला?

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी आवाजावरून टायपिंग आणलं, आणि खर्ड्यासाठी ते कामाचं आहे. विरामचिन्हं, विशेषनामं आणि आपला सोलापुरी हेल यांत ते गडबडतं. बोलून घ्या, मग कीबोर्डवर दुरुस्त करा. दुपारच्या सुट्टीत चार लोक बाजूला बोलत असतील तर तेही नको, त्यांचंही लिहून घेतं.

मे महिन्यात टॅब तापतो. लिखाणावर परिणाम होतो का?

होतो. टॅब तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि अक्षरं उशिरा उमटतात. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. जाड कव्हर काढून ठेवा, चार्जिंगला लावून लिहू नका, आणि बंद गाडीत टॅब ठेवून बाजारात जाऊ नका.

घरी चालता लॅपटॉप आहे. तरी टॅब घ्यावा?

लिखाण टेबलावरच होत असेल तर नको. त्याच पैशातून चांगला कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट चालू करा. सतत फिरती असेल, डोळ्यांना पडदा जवळ धरून वाचावं लागत असेल किंवा वीज गेल्यावर लॅपटॉप तासाभरातच मान टाकत असेल तर घ्या, पण आधी कीबोर्ड पिशवीत घालून दुकानात जा.